दोन तोंडांचा तो साप ‘दुतोंडी’ नव्हे

निळ्याहिरव्या, दोन तोंडांच्या सापाचा एक फोटो सध्या मोबाइलवर सारखा फिरतोय. सोबत मजकूर : ‘अ‍ॅझ्टेकांनी एकाच पिरोजा दगडातून कोरलेली मूर्ती. दोन तोंडं म्हणजे कपट आणि मृत्यू. स्पॅनिश लोक आले आणि ही कला कायमची संपली.’ फोटो खरा आहे, मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांची ती वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मजकूर मात्र साफ चुकीचा आहे.

‘एकाच दगडातून’? आत लाकूड आहे. त्यावर पिरोजाच्या सुमारे 2,000 कपच्या राळेनं चिकटवल्यात. नाक आणि हिरड्या लाल शिंपल्याच्या, दात पांढऱ्या शंखाचे. फोटो मोठा करून बघा, कपच्यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. त्यामुळेच अंगावर खवले असल्यासारखे वाटतात. पाठीमागून लाकूड पोखरून हलकं केलंय. रुंदी जेमतेम 43 सेंटीमीटर, तेव्हा हा साप बहुधा छातीवर मिरवत असावेत. एक दगड म्हटलं की कारागिराचं हे सगळं कसब पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

‘कपट’ हा अर्थ तर आपणच त्याच्या गळ्यात बांधलाय. दुतोंडी म्हणजे कपटी, हे मराठीत. नहुआत्ल या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेत साप म्हणजे ‘कोआत्ल’, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जुळं. मेक्सिकोत आजही जिवलग दोस्ताला ‘क्वाते’ म्हणतात, तो शब्द इथूनच आला. केत्साल पक्ष्याची पिसं ल्यालेला साप म्हणजे त्यांचा मोठा देव केत्सालकोआत्ल. पिरोजाला ‘शिवित्ल’ म्हणत, आणि वर्षालाही तोच शब्द. मृत्यूचा संबंध अगदीच नाही असं नाही : कोआत्लिक्वे देवीचं नेसूच सापांचं आहे, गळ्यात माणसांची हृदयं आणि तोडलेले हात आहेत. पण तीच देवांची आईदेखील आहे. जन्म आणि मरण एकाच अंगावर वागवणाऱ्या या देवीला ‘मृत्यूचं प्रतीक’ म्हणून कसं मोकळं होता येईल?

‘कायमची संपली’ हेही खोटं. अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान 1521 मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडली. 1539 मध्ये तिथल्याच नहुआ, म्हणजे नहुआत्ल बोलणाऱ्या, कारागिरांनी लाकडी फळीवर रंगीत पिसं चिकटवून ख्रिस्ती प्रार्थनेचं चित्र घडवलं, पोप तिसरे पॉल यांच्यासाठी. देव बदलले होते, पिसं लावणारे हात तेच होते. ते चित्र आज फ्रान्समध्ये, ओश शहरात आहे.