व्हीआर लॅब उभारू पाहणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

तुमच्या कॉलेजात अजून व्हीआर लॅब, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी दुनियेत फिरायची खोली, नाही? कमाल आहे. मग तुमच्याकडची मुलं शिकतात तरी कशी? आमच्याकडे गेल्याच आठवड्यात उद्घाटन झालं. फीत, नारळ, संस्थाचालकांचं भाषण, भाषणात दोनदा एकविसावं शतक, आणि मग थेट कॉलेजचा दर्जा तपासायला आलेल्या समितीसमोर प्रात्यक्षिक. ते प्रात्यक्षिक द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी तासिका तत्त्वावर आहे आणि तासिका तत्त्वावरचा माणूस नाही म्हणत नाही. तेव्हा या विषयातली मी आता अधिकारी व्यक्ती समजा. घ्या लिहून.

आधी खरेदी करा, शिकवायचं काय ते मागाहून बघू. हा क्रम चुकवू नका. आधी शिकवण्याचा विचार करायला बसलात की नको ते लक्षात येतं. म्हणजे असं, की फेट नावाच्या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत. कार्ल वीमन यांना 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हा उद्योग सुरू केला. मुलांच्या मोबाईलवर चालतात, कितीतरी मराठीतही आहेत. आयआयटी आणि इतर संस्थांनी केंद्र सरकारच्या पैशातून केलेल्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, त्याही फुकट. आता फुकटच्या वस्तूची तीन कोटेशनं कुठून आणणार? तिचं बिल कुठे लावणार? तिच्यासमोर नारळ कसा फोडणार? म्हणून त्यांचं नावही काढायचं नाही.

विक्रेत्याला डेमो द्यायला संस्थाचालकांच्या केबिनमध्ये बोलवा. प्राध्यापकांना बोलवू नका, ते अभ्यासक्रम विचारतात. डेमोत धडधडणारं हृदय असतं. तुमच्याकडे बायॉलॉजी नसलं तरी हृदयच बघा.

दारावरचा फ्लेक्स खोलीपेक्षा मोठा हवा.

किल्ली एकाच माणसाकडे ठेवा आणि तो माणूस रजेवर ठेवा.

हेडसेट किती घ्यावेत? 80 मुलांच्या वर्गाला एक पुष्कळ झाला. एकाने रेणूच्या आत फिरायचं आणि उरलेल्या 79 जणांनी तो हवेत हात मारतोय ते बघायचं. अहवालात याला पिअर लर्निंग म्हणतात. अर्धा किलोचं ते धूड आमच्या मुलींच्या वेण्यांवर काही केल्या बसेना. चष्मेवाल्यांना चष्मा काढावा तर दिसेना, ठेवावा तर नाकाचं हाड दुखे! चौथ्या-पाचव्या डोक्यानंतर आतला फोम घामाने आणि खोबरेल तेलाने चिंब. तो मी माझ्या ओढणीने पुसला, कारण पुसायचं काही बजेटमध्ये धरलेलं नव्हतं. समिती खुर्च्यांवर बसली तेव्हा यंत्राने सांगितलं की आधी अपडेट करा. कॉलेजचं वायफाय! पुढचं तुम्हाला सांगायला नको. सर सगळ्यांना पुन्हा चहा विचारत राहिले.

शेवटी चालू झालं. एका मुलीला हेडसेट मी स्वतः घातला, ती दोन मिनिटं गोल-गोल फिरली आणि पांढरीफटक पडून खाली बसली. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांगतो आपण उभे आहोत. ही भांडणं पोटावर निघतात. तिला बाहेर नेऊन लिंबू-पाणी दिलं. पण त्याआधी फोटो निघाला होता, जिओटॅगसकट, म्हणजे जागेच्या नोंदीसकट, हेडसेट घातलेला, तोंड उघडं. तोंड मळमळीने उघडलेलं होतं की आश्चर्याने, हे फोटोत कळत नाही. समितीच्या फाईलमध्ये गेला, क्रायटेरियन दोन, एक्सपिरिएन्शियल लर्निंग, म्हणजे अनुभवातून शिकणं.

खेळातून शिक्षण हवं असेल तर वर्गात कहूट नावाची मोबाईलवरची प्रश्नमंजुषा घ्या. बरोबर उत्तराचं बटण जो आधी दाबेल त्याला जास्त गुण. विचार करून उत्तर देणारी मुलं आपोआप मागे पडतात, वेळ वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरी प्रयोगशाळा हळूहळू मरू द्या. एकदम कुलूप ठोकलं तर बोंबाबोंब होते. आधी लॅब असिस्टंट निवृत्त झाला की ती जागा भरायची नाही. मग गॅसचं बिल थकवायचं. मग सिल्व्हर नायट्रेट महाग आहे म्हणून क्लोराइडचं टायट्रेशन, म्हणजे रंग पालटेपर्यंत एक द्रव दुसऱ्यात थेंबथेंब सोडून मोजायचा प्रयोग, ‘जर्नलात लिहून घ्या’ म्हणायचं. ज्या आकडे असलेल्या काचेच्या नळीतून हा द्रव सोडतात त्या ब्युरेटची तोटी गळायला लागली की व्हॅसलीन लावायचं, व्हॅसलीन संपलं की ती ब्युरेट बाजूला ठेवायची, आणि उरलेल्या एकेका ब्युरेटवर पाच-पाच मुलं उभी करायची. एक करतो, चौघं बघतात. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा करून जुळणारं ब्युरेटचं रीडिंग, तर सगळ्यांना आधीच माहीत असतो. 10.1, 10.2, 10.1, म्हणून 10.1. गेल्या वर्षीच्या जर्नलात आहे, त्याच्या आदल्या वर्षीच्याही आहे.

एवढं झालं की मग त्याच मुलांना स्क्रीनवरचं टायट्रेशन द्या. काय देखणं होतं! तोटी बोटाने सरकवायची, रंग बरोब्बर जागेवर पालटतो, रीडिंग दशांशासकट कोपऱ्यात छापून येतं. कुणाचं चुकतच नाही. आमच्या एफवायच्या एका मुलाला त्यात पैकीच्या पैकी मिळाले. हुशार आहे पोरगा, त्याला मी नावं ठेवत नाही. परवा त्याला खऱ्या ब्युरेटसमोर उभा केला. ब्युरेट भरली, टोकात हवेचा बुडबुडा तसाच. तो बुडबुडा मध्येच निघून गेला की सगळं रीडिंग खोटं पडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण स्क्रीनवरच्या ब्युरेटमध्ये बुडबुडा कधी अडकतच नाही. रीडिंग उभ्याउभ्या वरून घेतलं. रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब फ्लास्कातल्या ॲसिडात टाकले आणि ब्युरेटमधलं कॉस्टिक सोड्याचं पाणी भसकन सोडलं. फ्लास्क एकदम राणी कलर. ‘मॅडम, आला का एंड पॉइंट?’ म्हणजे रंग नेमका पालटायची ती जागा. आला रे बाबा, येऊन कधीच पुढच्या स्टँडला गेला. मग मी त्याचा हात धरून दाखवलं. तोटीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा, डिस्टिल्ड वॉटरच्या धारेने आत उतरवायचा, फ्लास्क हलवायचा आणि ती जेमतेम दिसणारी गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते का ते बघत राहायचं. तिसऱ्या खेपेला त्याला जमलं. चेहरा बघायला हवा होता त्याचा. त्याचा मात्र फोटो कुणी काढला नाही, कारण त्या क्षणाला अहवालात रकाना नाही.

आणि याला लागलं काय? एक काचेची नळी. जुनी, एकाच बाजूला आकडे पुसट झालेली. एका हेडसेटच्या पैशांत अख्ख्या बॅचला नव्या ब्युरेट येतात. मी तसा हिशेब करून दिला होता, लेखी. ‘पाहिले’ अशी सही होऊन कागद परत आला. काय पाहिले? कुणी पाहिले?

असो. शांतपणे सल्ला द्यायचं ठरवलं होतं.

समितीने विचारलंच की मुलं यातून काय शिकली, तर फीडबॅक फॉर्म पुढे करा. ‘मजा आली का?’ या प्रश्नाला मुलं पाचपैकी पाचच देतात.

आणि कुणी म्हणेल, बाईंना नवं काही बघवत नाही. नाही हो. वायूचे रेणू भिंतीवर कसे आपटतात ते मी फेटवरच दाखवते, फळ्यावर ते दिसत नाही म्हणून. अमेरिकेतल्या एडविन लिंकने 1929 मध्ये बापाच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून वैमानिकांना जमिनीवरच सराव देणारा डोलणारा खोका केला. लष्कराने ढुंकून पाहिलं नाही, खोके गेले करमणुकीच्या बागांत. मग 1934 मध्ये अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवेत टपाल नेताना पटापट मेले, तेव्हा तेच खोके विकत घेतले. नॉर्वेतल्या लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने 1960 मध्ये तोंडाने श्वास द्यायला शिकवणारी बाहुली केली, कारण सराव जिवंत माणसावर कसा करणार? दोन्ही दिसायला खेळणीच. पण तिथे खरं चुकलं तर माणूस जातो. आमच्याकडे चुकलं तर फ्लास्क राणी कलरचा होतो. पोरगं तो बेसिनमध्ये ओततं, धुतं आणि पुन्हा करतं. या चुकायला भ्यायचं कशाला? त्याच्यासाठी तर ते कॉलेजात आलंय.

हे तुम्हाला कळत नाही असं थोडंच आहे? संस्थाचालकांनो, प्राचार्यांनो, तुम्हीही याच ब्युरेटी धरून पदव्या घेतल्यात. आणि तुम्ही, पालकांनो, प्रवेशाच्या वेळी ब्रोशरवर हेडसेटचा फोटो बघून माना डोलावता, प्रयोगशाळा दाखवा असं एकदाही म्हणत नाही. आणि आम्ही मास्तरमंडळी, स्टाफरूममध्ये वाघ, मीटिंगमध्ये मुके. त्या मुलीला भोवळ आली आणि आपण सगळे फोटो नीट आलाय का ते बघत होतो. लाज वाटायला हवी होती. कुणालाच वाटली नाही.

जागा भरा. गॅसचं बिल भरा. सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणा, एका वर्षाला फार लागत नाही. हेडसेट असू द्या, झूलॉजीवाल्यांना बेडूक कापता येत नाहीत आता, त्यांना द्या, त्यांच्या खरंच कामाला येईल. आणि पुढच्या खेपेला समिती आली की तिला त्या एसीच्या खोलीत नेऊ नका. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आणा, शेवटच्या टेबलाजवळचा नळ सोडायला सांगा आणि पाणी येतं का ते त्यांच्यासमोर बघा.