शून्य बघा, साहेब

दिग्या तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय आणि उतरल्या दिवसापासून त्याला कोल्हापूर सुधारायचंय. परवा रात्री जेवणं उरकून आम्ही पेठेतल्या कट्ट्यावर बसलो होतो, तर हा आला तो तणतणतच. पंपावर वीस मिनिटं रांग. मशीन चार, पोरं दोन, त्यातलं एक सुट्ट्या पैशासाठी केबिनकडं पळालेलं.

"नळी उचलायची, टाकीत घालायची. याला माणूस कशाला पायजे रे? अमेरिकेत सगळी आपलं आपण भरत्यात."

पाटील सर चहा फुंकत होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण सवय गेलेली नाही. म्हणाले, "दिगंबर, तू एडिसनला राहतोस न्हवं?"

"व्हय."

"म्हणजे न्यू जर्सी. मग तू कवा भरलंस?"

दिग्या गप्प. आम्हाला काही कळेना. मग सरांनी सांगितलं, लेकीकडं दोन महिने राहून आलेत ते. न्यू जर्सीत गाडीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानंच बंदी, तीही 1949 पासून. ओरेगॉन नावाच्या दुसऱ्या राज्यात 1951 पासून तशीच होती, ती 2023 ला उठली; पण तिथंही पंपावर निम्म्या मशीनवर माणूस ठेवावाच लागतो. आता पूर्ण बंदीवालं एकटं जर्सीच उरलंय, आणि आमचा हिरो नेमका तिथनं आलाय.

मग जे हसू सुटलं ते शांताक्कांनी चहाच्या गाडीवरनं "काय झालं रे?" म्हणून ओरडेपर्यंत.

दिग्या मात्र खिलाडू आहे. त्यानंच पुढं सांगितलं. पहिल्यांदा शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गेला तेव्हा पंपाला गाडी लावून आतच बसला. पाच मिनिटं झाली, कोण येईना. मागच्यानं हॉर्न दिला. उतरला, कार्ड घातलं, तर मशीन पिनकोड विचारतंय. घरचा पिनकोड पाठ नव्हता, बायकोला फोन केला. "पण एकदा जमलं की मग काय अवघड न्हाई," असं शेवटी चिकटवलंच.

राजूचा मुद्दा वेगळा होता. तो टेम्पो चालवतो, कर्नाटकात निपाणीकडं फेरी असली की टाकी तिकडंच फुल करून येतो, त्यामुळं पैशाचं बोलणं त्याचं. "आपण भरलं तर स्वस्त मिळंल का, ते सांग."

इथं मी तोंड घातलं. नाही मिळणार. आपल्याकडं दर पंपवाला ठरवत नाही. जून 2017 पासून रोज सकाळी सहाला त्या दिवसाचा दर लागू होतो, तो कंपनीकडनं येतो. डीलरला लिटरमागं ठरलेलं कमिशन. उद्या पोरं काढून टाकली तर त्यांचा वाचलेला पगार डीलरच्या गल्ल्यात जाईल, राजूच्या खिशात कशाला येईल?

"पण मापात मारत्यात त्याचं काय?" दिग्या सोडायला तयार नाही. "नळी माझ्या हातात असली तर कोण मारंल?"

आता या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाबाहेरचा एक पंप, मी दोनशेचं सांगितलं. पोरानं पन्नासला नळी थांबवली. "दोनशे म्हणालासा व्हय? मला पन्नास ऐकू आलं." म्हटलं, असू दे, भर पुढं. तेवढ्यात दुसरा आला, "कॅश का फोनपे?" मी फोन काढायला मान खाली घातली. वर बघतोय तर मीटरवर दीडशे आणि नळी परत जाग्यावर. पन्नास आणि दीडशे, झाले दोनशे. घरी पोचल्यावर डोक्यात उजेड पडला की त्यानं मध्ये शून्य केलंच नव्हतं. पन्नासावरनंच पुढं दीडशेपर्यंत नेलं होतं. तेव्हापासून मी दोनशे कधी सांगत नाही, दोनशे दहा सांगतो. गोल आकड्यात मारतात असा आपल्याकडं समज आहे. त्यात किती तथ्य आहे देव जाणे, पण दहा रुपये जास्त देऊन झोप चांगली लागते.

म्हणजे मी दिग्याच्याच बाजूनं बोललो असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटत नाही. त्या पोरानं मला फसवलं ते माझी मान खाली होती म्हणून. पण मशीनच्या पोटात कुणी काही केलं असेल तर नळी तुझ्या हातात असली काय आणि त्याच्या हातात असली काय, आकडा तेवढाच दिसणार. त्याला उपाय एकच, पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप. ते प्रत्येक पंपावर असतं आणि मागितलं तर दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढं गेला की मशीन दोषी.

"कुणी मागितलंय कधी?" सर म्हणाले.

कुणीच नाही. इतकी वर्षं भांडतोय आम्ही, माप एकानंही मागितलेलं नाही.

"गंगावेशीत दूध कट्ट्यावर बघा की," शांताक्का मध्येच. त्या गाडी आवरत होत्या. "म्हस समोर उभी, धार समोर काढत्यात, गिऱ्हाईक ग्लास घिऊन हुबं. तरी फेसावरनं भांडणं हुत्यातच न्हवं?"

या एका वाक्यावर आम्ही दहा मिनिटं घालवली. राजूचं म्हणणं, फेसाचे पैसे द्यायचेच असतात, त्यातच मजा आहे. दिग्याचं म्हणणं, पेट्रोलला फेस नसतो. तो वाद इथं देत नाही.

शांताक्कांना नळी हातात धरायचीच नाही. त्यांच्या स्कूटीला टाकी सीटखाली. पुढं दुधाची किटली, मागं नातू. पंपावर आधी नातवाला उतरवायचं, मग सीट उघडायची, डिकीतली पिशवी काढायची, झाकण फिरवायचं. "त्यात पाऊस. आनि वर नळी बी मीच धरू? तिसरा हात कुठनं आणू?"

बंड्या एवढा वेळ बोलला नव्हता. तो हायवेवरच्या एका पंपावर नाइट करतो. हातांना वास कायम असतो, जेवताना चमचा वापरतो त्यामुळं. कुणीतरी विचारलं, तुझं काय म्हणणं?

"माझं काय असणार? नोकरी जाईल, आनि काय," म्हणाला. मग थांबून, "पर एक सांगतो. रात्री दोनला ट्रकवाला येतो, उतरतोय तो तोंडात बिडी घिऊन. मी वरडतो म्हणून विझवतो. मशीन वरडंल का?"

सरांनी त्याला जोड दिली. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशालासुद्धा पेट घेऊ शकते. अमेरिकेत पंपावर आगी लागल्या त्यात बऱ्याच ठिकाणी कारण निघालं अंगातली स्थिर वीज. माणूस नळी टाकीत अडकवून परत गाडीत जाऊन बसतो, सीटवर घासत उतरतो, आणि नळीला हात लावला की ठिणगी. "बंड्या दिवसभर उभाच असतोय. त्याला सीटच न्हाई घासायला."

"रात्रभर," बंड्यानं दुरुस्ती केली. "आनि हिशेबात शॉर्ट आलं की पगारातनं कट."

त्यावर कुणी काही बोललं नाही.

अकरा वाजले. दिग्यानं भावाची गाडी आणलेली, सकाळी भावाला लांब जायचं होतं आणि दिग्या तर मघाशी रांग बघून न भरताच परत फिरलेला. मी मागं बसलो. पंप रिकामा. खुर्चीत पेंगणारं पोरगं उठून आलं. दिग्यानं उतरून झाकण काढलं आणि सवयीनं, की मुद्दाम, नळीकडं हात नेला.

"हात लावू नका साहेब. किती?"

"एकशे दहा."

"शून्य बघा."

दिग्यानं वाकून बघितलं. मीही बघितलं. आकडे पळाले, शेवटी हळू झाले, पोरानं नळी दोनदा झटकली. मीटर एकशे नऊ रुपये सत्तर पैशांवर.

"तीस पैसे कुठं गेले?" दिग्या म्हणाला.

पोरगं म्हणालं, हातानं सोडलंय साहेब, एवढं इकडं तिकडं हुतं. दिग्या म्हणाला, हुतं कसं? पोरगं म्हणालं, रुपया कमी द्या. दिग्या म्हणाला, रुपयाचा प्रश्न नाही. मी गाडी स्टँडवर लावली आणि तिथल्या कठड्यावर बसलो.