कोल्हापुरी चपलेच्या नावानं फिरणारा तो मेसेज खोटा आहे

गेल्या रविवारी आत्या ठाण्याहून अंबाबाईच्या दर्शनाला आली होती. दर्शन झालं आणि दरवेळेसारखं आम्ही चप्पल घ्यायला सुभाषनगरात गेलो. ज्या मामांकडं आमचं घर वीस वर्षं पायताण घेतंय, त्यांच्याकडंच. आत्यानं वेणी घातलेला, कानवाला जोड उचलला. मामांनी अठराशे सांगितले. आत्या म्हणाली, "त्या प्राडाकडनं चौऱ्याऐंशी हजार घेता आणि आमच्याकडनं वर अठराशे? आठशेला द्या." मामांनी जोड तिच्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला आणि परत खिळ्याला अडकवला. "मावशी, त्यातला एक रुपाया आमच्या घरात आल्याला न्हाई," एवढंच बोलले.

आत्या कुणाला टाकून बोलणाऱ्यांतली नाही. भाजीवाल्याशी ती कधी पाच रुपयांवरनं वाद घालत नाही. पण रिक्षात तिनं मला फोन दाखवला आणि तिच्या तोंडी हे कुठून आलं ते कळलं. तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. संध्याकाळी तोच माझ्या शाळेच्या ग्रुपवर आला, रात्री दिरांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कोल्हापुरी चोरणाऱ्या प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीला मुंबई उच्च न्यायालयानं हरवलं आणि कोट्यवधींचा दंड ठोकला, आता एका जोडाचे 84 हजार रुपये थेट कारागिराच्या खात्यात जमा होतात, कारागीर लखपती झाले, जीआय (भौगोलिक संकेताची नोंद) मिळाल्यामुळे जगात दुसरं कुणी ही चप्पल बनवू शकत नाही, कर्नाटकात बनते ती नकली, ती घेऊ नका, खरी कोल्हापुरी रात्रभर पाण्यात ठेवली तरी तिला काही होत नाही, घरी करून पाहा, आणि ही राजेशाही कला तरुणांच्या आळसामुळे मरायला टेकली होती, ती आता वाचली.

पैशांचं आधी घेते, कारण मामांच्या दुकानात जे झालं ते त्या एका वाक्यामुळं झालं.

84 हजार हा आकडा हवेतला नाही, हे मान्य करते. 11 डिसेंबर 2025 ला मुंबईत प्राडानं दोन सरकारी महामंडळांशी करार केला. एक महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि दुसरं कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाचं लिडकर. कोल्हापुरीवरनं घेतलेल्या सँडलचे 2,000 जोड याच दोन राज्यांत बनवून घ्यायचे आणि फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, असं तेव्हा जाहीर झालं. किंमत सांगितली होती सुमारे 800 युरो. त्याचे रुपये केले की 84 हजारांच्या आसपास जातात. पण ही दुकानातली किंमत आहे. मिलान-पॅरिसच्या काचेमागं लावलेली चिठ्ठी ही कारागिराची मजुरी नसते. महाद्वार रोडवर पाच हजाराला विकलेल्या साडीचे पाच हजार विणकराला मिळत नाहीत, हे आत्याला माहीत आहे. चपलेच्या बाबतीत मात्र मेसेजनं तिला ते विसरायला लावलं.

शिवाय 2,000 जोड म्हणजे किती? कोल्हापुरीचा जीआय आठ जिल्ह्यांचा आहे. सारखी वाटणी केली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला 250 जोड. त्यात किती घरांच्या चुली पेटणार? करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाची तीन वर्षांची तरतूद आहे, इटलीत जाऊन शिकायची संधी आहे, ते चांगलंच आहे आणि त्याचा मला आनंद आहे. आपल्या लोकांचं काम बघायला प्राडाची माणसं जुलै 2025 मध्ये कोल्हापुरात आली, गल्लीबोळांतनं फिरली, हे काही लहानसहान नाही. पण सुभाषनगरातला प्रत्येक माणूस श्रीमंत झाला असं म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं आहे. गिऱ्हाईक तेवढंच ऐकतं आणि भाव पाडून मागतं. मामा सांगत होते, दिवाळीनंतर असं बोलणारी आत्या काही पहिली नव्हती.

आणि अठराशे कशाचे, ते मी पुन्हा एकदा आत जाऊन बघून आले. तळाला म्हशीचं जाड कातडं. ते बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेलं असतं, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. रापीनं मापावर कापायचं, ओलं करून ठोकायचं, थरावर थर बसवायचा, दोन थरांच्या मध्ये कान, म्हणजे बाजूच्या कातड्याच्या पाती, अडकवायचे. मग आरीनं भोकं पाडून कातड्याच्याच बारीक वादीनं शिवत जायचं. खिळा कुठंच नाही. वरच्या पट्ट्यासाठी शेळीचं मऊ कातडं. आतल्या खोलीत मामी वेणी घालत बसल्या होत्या: वाद्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात घट्ट धरलेलं, बोटं न बघता चाललेली, वेणीची जाडी काडेपेटीतल्या काडीएवढी. मी होते तेवढ्या अर्ध्या तासात वीतभर वेणी झाली असेल. एका जोडाला तशा किती लागतात ते पायातली चप्पल उलटसुलट करून बघा. विकत आणलेल्या कातड्यालाच निम्मे पैसे जातात, असं मामा म्हणाले. राहिलेल्यात दोघांची मजुरी, दुकानाचं भाडं आणि पॉलिश. आठशेला मागणाऱ्यानं मामींचे दोन दिवस फुकट मागितले, दुसरं काही नाही.

आता न्यायालय. याला फार वेळ घालवत नाही. 22 जून 2025 ला मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखीच चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि नुसतं 'लेदर सँडल' म्हणून दाखवली. ना कोल्हापूरचं नाव, ना भारताचं. राग यायलाच हवा होता, मलाही आला. ओरड झाल्यावर त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कबूल केलं. तेव्हाही त्यांनी सांगितलं होतं की हे डिझाइन अजून प्राथमिक टप्प्यावर आहे, विक्रीचं ठरलेलं नाही. पुढं काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं 16 जुलै 2025 ला ती फेटाळली. जीआयचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, हक्काला धक्का लागला असेल तर मालकानं यावं, असा त्याचा अर्थ होता. दंड नाही, दणका नाही, भरपाई नाही. जे मिळालं ते लोकांच्या ओरडीनं, महामंडळांशी झालेल्या बोलण्यानं आणि मुळात त्या चपलेच्या गुणानं मिळालं. न्यायालयाच्या नावावर खोटा विजय खपवला की खरं काय घडलं ते कुणी विचारतच नाही.

जीआयबद्दलचं वाक्य तर मुळातच चुकीचं आहे. 1999 चा भौगोलिक संकेतांचा कायदा नावाला संरक्षण देतो. आठ जिल्ह्यांबाहेर बनवलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून भारतात विकता येत नाही, एवढं खरं. अंगठा आणि आडवा पट्टा असलेला आकार कुणी बनवूच नये, असं त्यात कुठंही नाही. शिवाय ही नोंदणी भारतापुरती आहे. युरोपात हस्तकलेच्या वस्तूंना असं संरक्षण मागायची सोयच 1 डिसेंबर 2025 पासून सुरू झाली. आपल्या महामंडळांनी आता तिकडं अर्ज करावा, हे ओरडून सांगायला हवं. 'जगात कुणी बनवू शकत नाही' असं समजून सगळे गप्प बसले तर ते काम कोण करणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते कर्नाटकवाल्यांना नकली ठरवणारं वाक्य. माझं आजोळ कर्नाटकातल्या निपाणीचं. लहानपणी आजोळी उंबऱ्याबाहेर काढलेल्या सगळ्या चपला बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या असायच्या.

ज्यांना शंका आहे त्यांनी जीआय नोंदवहीतली कोल्हापुरी चपलेची नोंद काढून वाचावी. 2019 ला दोन्ही राज्यांना मिळून ती मिळाली. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. मालक म्हणून लिडकॉम आणि लिडकर दोघंही आहेत. म्हणजे ज्या जीआयचा झेंडा मेसेज मिरवतोय, त्याच जीआयनं अथणीची चप्पल खरी कोल्हापुरी ठरवलेली आहे. नोंद मानायची असेल तर पुरती माना.

हे कुणी कुणाला दिलेलं दानही नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी बेळगाव, विजापूर, धारवाड मुंबई राज्यातच होते. अथणी, मदभावी, निपाणीकडची घरं चप्पल बनवायची आणि माल कोल्हापूरच्या पेठेत यायचा, म्हणून नाव कोल्हापूरचं पडलं. तिकडचे समगार आणि इकडचे चर्मकार यांच्या हातात रापी तीच, आरी तीच, सोयरिकी आजही इकडून तिकडं होतात. सीमेचा वाद आहे, तो मलाही कळतो, त्यावर माझं मतही आहे. पण त्या वादाचा भार अथणीतल्या वेणी घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर कशाला? महाराष्ट्रातल्या गिऱ्हाईकानं तिची चप्पल नाकारली तर तिच्या घरी आठवड्याचा बाजार होत नाही. आणि तिच्या जागी गिऱ्हाईक काय घेतं? रेक्झिनचा, चिकटवलेला, कुठल्या तरी कारखान्यातला जोड, कारण तो स्वस्त असतो आणि त्यावर 'कोल्हापुरी' छापलेलं असतं. नकली तो आहे.

पाण्याच्या परीक्षेचं काय सांगू. माझ्या चुलतभावानं खरंच रात्रभर बादलीत ठेवला जोड. सकाळी तळ फुगलेला, थर सुटलेले, कान लोंबलेले. झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं पाणी पितं, म्हणूनच पावसाळ्यात घरातली म्हातारी माणसं कोल्हापुरी माळ्यावर ठेवून देतात. जी चप्पल रात्रभर पाण्यात राहून जशीच्या तशी निघते ती प्लास्टिकची. म्हणजे ही परीक्षा खऱ्याला नापास करते आणि खोट्याला पास. कृपा करून करू नका. बघायचंच असेल तर चप्पल पालथी करा, वादीची शिवण दिसते का बघा, वास घ्या, हातात वजन घ्या. लिडकॉमनं आता क्यूआर कोड आणलाय, तो स्कॅन केला की कारागिराचं किंवा युनिटचं नाव, जिल्हा, पद्धत असं सगळं दिसतं. अजून प्रत्येक जोडावर तो आलेला नाही, पण दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की येईल. आणि नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते, तो तिचा दोष नाही. तेलाचं बोट फिरवा आणि घरात घालून फिरा.

राहिलं तरुणांच्या आळसाचं. तरुण पोरं या धंद्यातनं निघून जातायत, हे खरं आहे. मामांचा मुलगाही एमआयडीसीत जातो. पण आळसानं? 2015 ला महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. कातड्याची आवक घटली, भाव चढले, ढोर समाजातल्या कातडी कमावणाऱ्या घरांचं काम बसलं, आणि आता बरंचसं कातडं चेन्नईकडनं मागवावं लागतं. दहा-दहा तास पाठ वाकवून, नखांत काळं घेऊन बसायचं आणि वर लग्न ठरवताना 'पोरगा काय करतो' या प्रश्नाला मान खाली घालायची. चपलेवर अभिमान आणि चप्पल करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर, हे आपल्या गावांनी पिढ्यानपिढ्या केलंय. मेसेजमध्ये 'राजेशाही कला' असं आहे. शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढ्या लांबलचक मजकुरात चर्मकार हा शब्द एकदाही नाही. ढोर नाही, समगार नाही. करारावर सही करणाऱ्या दोन्ही महामंडळांच्या नावात संत रोहिदास आणि बाबू जगजीवन राम आहेत, तीही नावं गाळलेली. प्राडानं कोल्हापूरचं नाव गाळलं म्हणून ज्यांना राग आला, त्यांनीच कारागिरांचं नाव गाळलं. मेसेज कुणी लिहिला मला माहीत नाही, पण पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारणार आहे. दिरांना विचारलं आहे.

शेवटी एक ओळ होती, 'पुढचा नंबर मिरजेच्या सतारीचा, तिलाही असाच दंड मिळवून देऊ.' मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 ला जीआय मिळाला, तो कुणाला दंड करून नव्हे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी दीडशेहून जास्त वर्षं भोपळे वाळवून, तारा जुळवून ते नाव कमावलंय. सावंतवाडीची गंजिफा (हातानं रंगवलेले पत्ते) आणि लाकडी खेळणीही त्याच सुमाराला नोंदली गेली. त्यांच्याबद्दल सांगायचं तर हे सांगा.

आत्याला मी घरी बसवून हे सगळं सांगितलं, नोंदीतले आठ जिल्हे मोबाइलवर दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. सोमवारी ठाण्याला पोचल्यावर तिचा फोन आला: तो जोड घेऊन ठेव, अठराशे दे, आणि मामांना माझं नाव सांग. मी गेले तर तो जोड विकला गेला होता. मामांनी पायाचं माप मागितलं. आत्यानं वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून पेननं रेघ ओढली आणि फोटो न पाठवता तो कागदच पोस्टानं पाठवला, कारण फोटोत माप चुकतं असं मामा म्हणाले होते. कागद काल पोचला. मामींनी वेणी घालायला सुरुवात केली आहे.