अन् कूलर कोठी लावाचा?

आमचा स्टुडिओ अडीच माणसांचा. मी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक ज्युनियर आणि दुपारी दोननंतर दुसऱ्या आर्किटेक्टचा होणारा एक सुपरवायझर. नागपुरात धरमपेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली तर्री-पोह्यांचा ठेला असल्यामुळे सकाळच्या मीटिंगला क्लायंट वेळेवर येतात आणि मीटिंग संपली तरी जात नाहीत.

त्या दिवशी बेस्याकडच्या एका फ्लॅटवाल्यांचं अख्खं कुटुंब आलं होतं. भाऊ बँकेत, वहिनी शाळेत, मुलगा पुण्याला आयटीत (तो व्हिडिओ कॉलवर) आणि काटोलचं घर बंद करून आता कायमच्या इकडे राहायला आलेल्या आजी. मी लॅपटॉपवर हॉलचा थ्रीडी व्ह्यू उघडला. सहा फुटांची खिडकी, तिच्यातून येणारं कोवळं ऊन, खिडकीखाली करड्या रंगाचा बैठा सोफा, कोपऱ्यात विलायती झाड, टीपॉयवर एक पुस्तक आणि एक लिंबू. लिंबू कशाला, हे मी ज्युनियरला आदल्या रात्री विचारलं होतं. "सर, कलर बॅलन्स," ती म्हणाली. म्हटलं असेल.

भाऊ "वा" म्हणाले. वहिनींनी चित्राचा फोटो काढून बहिणीला पाठवला. पुण्याहून "ऑसम" असा आवाज आला. आजींनी चष्मा पदरानं पुसला, खुर्ची पुढे ओढली, खिडकीवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"अन् कूलर कोठी लावाचा?"

मी म्हटलं, "आजी, हॉलला एसी देतो आहोत ना."

"एसीत माये गुडघे दुखतात. अन् बिल कोन भरन, तू?"

भाऊ एकदम खिडकीबाहेर ठेल्याकडे बघायला लागले. बिल कोण भरणार हे त्यांना ठाऊक होतं.

नागपूरबाहेरच्या वाचकांना यातला पेच कळायचा नाही. २३ मे २०१३ रोजी इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ३० मे २०२४ ला तर हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं. नंतर खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमच्या गल्लीत ते कुणाला पटलं नाही. सेन्सर बरोबर होता, त्याला फक्त घेरी आली होती, असंच सगळ्यांचं मत. अशा गावात कूलर हे उपकरण नसून घरातलं माणूस असतं. त्याची जागा ठरलेली असते, त्याला रोज पाणी लागतं, आणि त्याच्यासमोर कोणी बसायचं यावरून भाऊबंदकी होते.

आम्हाला कॉलेजात सायक्रोमेट्रिक चार्ट नावाचा एक प्रकार होता. त्यावर वेट बल्ब, ड्राय बल्ब अशा तिरप्या-उभ्या रेघा असतात, आणि त्या बघून कोरड्या हवेत पाणी उडालं की हवा किती गार होते ते काढायचं असतं. मेमधल्या दुपारी इथल्या हवेत ओलावा पुष्कळदा वीस टक्केही नसतो, म्हणून कूलर इथं चालतो आणि मुंबईत चालत नाही. मला त्या पेपरात जेमतेम पासापुरते मार्क होते. आजींनी तोच धडा मला दोन वाक्यांत शिकवला. "कूलर बाहेरून लावा लागते, घरात ठेवून चालत नाई. अन् पलीकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवाची, नाई तं अंगाले चिकचिक होते." बाहेरची कोरडी हवा आत यायला हवी आणि भिजलेली हवा दुसरीकडून निघून जायला हवी. चार बोटं. माझ्या चार्टवर बोटं नव्हती, एवढाच फरक.

आता बघा, मी दिलेल्या खिडकीला एकसंध काच होती, खाली सोफा होता, आणि पलीकडची खिडकी मी शोकेस करून बंद केली होती. म्हणजे आजींच्या एका प्रश्नात माझा हॉल खालसा झाला. आठ दिवस बसून नवीन ड्रॉइंग काढलं. खिडकीच्या खालच्या डाव्या भागात काढता-घालता येईल अशी झडप, बाहेर बाल्कनीत लोखंडी स्टँड, शेजारी नळ, पाणी वाहून जायला मोरी, हाताशी प्लग. काटोलहून आलेला पत्र्याचा कूलर, अडीच फूट रुंद, वय माझ्या ज्युनियरएवढं. सोफ्याला शोभावा म्हणून त्याला करडा रंग देऊ, असं ज्युनियरनं सुचवलं. आजी म्हणाल्या, "दे. पन जाळीतल्या गवतावर नको मारू पोरी."

प्रत्यक्ष काम जानेवारीत सुरू झालं. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. मिस्त्री गोरखपूरकडचा, हात सोन्याचा, पण त्याच्या कॅलेंडरात दोनच तारखा: "आज तो नहीं होगा साब" आणि "दो दिन का काम है". आमच्या स्टुडिओत मोजमाप मिलिमीटरमध्ये. मिस्त्रीचं सुतात, इंचाला आठ सूत. भाऊंचं फुटात. आजींचं विती-हातात. एका वॉर्डरोबवर चौघं चार भाषांत बोलत असू आणि तरी तो बसत नसे, कारण बिल्डरची भिंतच गुण्यात, म्हणजे काटकोनात नव्हती. सात फुटांचं कपाट एका टोकाला भिंतीला चिकटलं, दुसऱ्या टोकाला अकरा सूत फट. मी ओळंबा लावला, गुण्या लावला, शेवटी डोकं लावलं. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून त्या फटीकडे एखाद्या डॉक्टरसारखं पाहिलं आणि निदान केलं, "बीडिंग मार देंगे साब." बीडिंग म्हणजे फट झाकायची लाकडी पट्टी. या घरात आता इतकी बीडिंग आहे की काढून घेतली तर बहुधा भिंती पडतील.

लकडगंजला प्लाय बघायला गेलो ती सकाळही सांगायला हवी. किचनच्या सिंकखाली साधा प्लाय चालत नाही, वॉटरप्रूफ लागतो, त्यावर आयएस ७१० असा छाप असतो. साध्यावर आयएस ३०३. हे मी भाऊंना एकदा सांगून बसलो. त्यानंतर तीन तास बँकेचा माणूस प्रत्येक शीट उलटी करून हमीपत्र तपासावं तसा छाप तपासत होता. दुकानदारानं आम्हाला चहा दोनदा पाजला. तिसऱ्यांदा पाजला नाही.

पुण्याचा मुलगा रात्री साडेअकराला फोटो पाठवायचा. सगळी घरं बर्फाच्या प्रदेशातली. एकात चक्क शेकोटी होती, संगमरवरी चौकटीची, आणि खाली प्रश्न: "टीव्हीखाली असं काही होईल का?" मी लिहिलं, बाळा, मेमध्ये या, हॉलभर होते.

रंगाचं लवकर उरकलं. वहिनींना आयव्हरी हवा होता, भाऊंना क्रीम. आम्ही एकच रंग मारला आणि दोघांना दोन नावं सांगितली.

किचननं मात्र घाम काढला. ड्रॉवर सॉफ्ट-क्लोज, चिमणी, टॉल युनिट, सगळं आखून झालं. मग आजी साइटवर आल्या. प्लायच्या ढिगावर सतरंजी टाकून बसल्या आणि विचारलं, "गव्हाचा ड्रम?" वर्षाचा गहू एकदम भरायची त्यांची रीत. दोन क्विंटलचा पत्र्याचा ड्रम, झाकणावर कुलपाची कडी. माझ्या टॉल युनिटची खोली बावीस इंच, ड्रमचा व्यास सव्वीस. वहिनींनी हळूच मला डोळ्यांनी खुणावलं की नाही म्हणा. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आजींनी डब्यातली संत्रा बर्फी पुढे केली. टॉल युनिट आता अठ्ठावीस इंच खोल आहे.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे महालक्ष्म्या.

टीव्हीच्या भिंतीला आम्ही फ्लुटेड पॅनेल दिलं होतं, उभ्या पन्हाळी असलेलं, सध्या सगळ्यांना हवं असतं ते. आजींनी आधी त्या खाचांतून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ मला दाखवली. "हे रोज कोन पुसन?" मग मागे सरून म्हणाल्या, "अन् आमच्या महालक्ष्म्या काय गच्चीवर बसवाच्या?" भाद्रपदातले ते तीन दिवस. ज्येष्ठा-कनिष्ठा, पुढे त्यांची बाळं, मखर, फुलोरा, सोळा भाज्यांचा नैवेद्य, आंबील, पुरण, आणि जेवायला चाळीस पानं. वहिनी म्हणाल्या, "आई, तीनच दिवस तर असतात." आजी म्हणाल्या, "टीव्ही तं वर्षभर राह्यते, त्याले काही होत नाही का तीन दिवस हललं तं?"

बोलून मला जागेचा अंदाज येईना. आजी उठल्या. भुशाच्या ढिगातून मिस्त्रीच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढल्या, एकावर एक पाट ठेवून उंची केली, दोरीवर वाळत घातलेले मिस्त्रीचे दोन गमछे त्यांच्या डोक्यावरून पदरासारखे घेतले, आणि चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. एक खुर्ची थोडी तिरपी होती. पुढे होऊन ती सरळ केली. पुन्हा मागे. मग गमछ्याचं एक टोक चिमटीत धरून नीट चुणी घातली. साइटवरचं कटर बंद झालं होतं. वळून बघतो तर मिस्त्री पेन्सिल कानावर, हात जोडून उभा. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"एवढी जागा," आजी म्हणाल्या.

मी टेप काढली. सहा फूट दोन इंच रुंद, चार फूट खोल. टीव्हीचं युनिट चाकांवर घेतलं, टीव्ही बाजूला वळणाऱ्या हातावर. पन्हाळी गेल्या, साधा सपाट व्हिनिअर आला. मिस्त्रीनं ती भिंत एका सुताचीही बीडिंग न लावता केली, आणि त्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा कधी बिडी ओढली नाही.

अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश झाला, म्हणजे माणसांचा झाला. कपाटांची दारं नंतर आली. आत्याबाई म्हणाल्या, "चार महिन्यांत एक फ्लॅट होत नाही?" मी त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाचा दाखला दिला. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली इमारत, १९३७ ला पायाभरणी, १९४० ला उद्घाटन, म्हणजे तीन वर्षं. "बघा, अख्खं हायकोर्ट घुमटासकट तीन वर्षांत झालं," त्या म्हणाल्या. दाखला माझ्यावरच उलटला. पण मेडसाहेबांना कोणी गव्हाचा ड्रम दाखवला नव्हता, हेही लक्षात घ्या.

फोटो काढायला मुहूर्त मिळाला तो ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. ज्युनियरचं म्हणणं, खिडकी थ्रीडीतल्यासारखी दिसली पाहिजे, कूलर अर्धा तास काढू. आजींनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तासच." भाऊ, मी, सुपरवायझर आणि वॉचमन अशा चौघांनी कूलर स्टँडवरून उतरवून बाल्कनीच्या टोकाला नेला. त्याचं पाणी माझ्या बुटांत गेलं. झडप काढून काच बसवली. करड्या सोफ्यावरच्या उशा सरळ केल्या, विलायती झाड आणलं, पुस्तक ठेवलं, लिंबू ठेवलं.

दहाव्या मिनिटाला फोटोग्राफरच्या कपाळावरचा घाम व्ह्यूफाइंडरवर टपकला. पंधराव्या मिनिटाला सुपरवायझरला दुसऱ्या आर्किटेक्टची आठवण आली. विसाव्या मिनिटाला फोटोग्राफर कॅमेरा खाली ठेवून म्हणाला, "सर, झालं समजा." कूलर जाग्यावर गेला, पंप सुरू झाला, नव्या गवतातून पहिला गार झोत आला तेव्हा त्या ओल्या गवताच्या वासानं सहा माणसं एका ओळीत फरशीवर बसली. टीपॉयवरचं लिंबू वहिनींनी उचलून सरबतात पिळलं. ते लिंबू कशासाठी होतं ते मला तेव्हा कळलं.

फोटो छान आले. मोठा करून एक स्टुडिओत लावला. मागच्या आठवड्यात मनीषनगरकडचं एक जोडपं नवीन फ्लॅटचा नकाशा घेऊन आलं. नवरा लाइटिंगबद्दल बोलत होता. बायको त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, मग अगदी जवळ गेली. खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्यामागून, हिरव्या नळीचं वीतभर टोक डोकावत होतं. चौघांच्या घाईत ती काढायची राहून गेली होती. ज्युनियरनं जीभ चावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हे बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "यांना कूलरचं समजते."

आगाऊ रकमेचा चेक त्यांनी पोहे खाऊन झाल्यावर दिला.