घरातला एकमेव गंभीर माणूस

बाळांचे व्हिडिओ बघून लोक "किती गमती करतं ना!" म्हणतात, तेव्हा मला बाळाच्या वतीने हरकत घ्यावीशी वाटते. बाळ गंमत वगैरे काही करत नाही. आमच्या घरात एक वर्षाची मुलगी आणि चार मोठी माणसं आहेत. या पाच जणांत गंभीर वृत्तीची व्यक्ती एकच, आणि ती मोठ्यांपैकी नाही. चटईचा सुटलेला धागा ओढायचा असो, नाहीतर एका बाटलीचं झाकण भलत्याच बाटलीला बसवायचं असो, बाईसाहेब भुवया आकसून कामाला लागतात, लाळ गळतेय याचंही भान नसतं. पोरकटपणा करतो तो आम्ही. नाव मात्र तिचं होतं.

भरवण्याचंच घ्या. चमचा तिच्या तोंडाकडे निघाला की भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं. हे थांबवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. पण मौज म्हणजे, जे भरवत नसतात त्यांचंही उघडतं. एका संध्याकाळी मी मुद्दाम दारात उभी राहून बघितलं. आजी चमचा धरून बसलेल्या, नवरा पाण्याची वाटी घेऊन उभा, आजोबा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. तिघांचेही 'आ' वासलेले, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिचं तोंड गच्च बंद. ती आळीपाळीने तिघांच्या दातांकडे बघत होती. तिचे स्वतःचे अजून मोजकेच आलेत, त्यामुळे तो विषय सध्या तिच्या अभ्यासाचा आहे.

लहान बाळाच्या जिभेला एक उपजत खोड असते. तोंडात दुधाखेरीज काही आलं की जीभ ते बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान ओसरते आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं, असा एकंदर नियम. आमच्याकडेही ती वेळेवर ओसरली. आता जे बाहेर येतं ती प्रतिक्षिप्त क्रिया नाही, ते मत आहे.

ढेकराला टाळ्या मिळण्याचं वयही माणसाच्या आयुष्यात एकच. सुरुवातीच्या महिन्यांत आजोबा तिला खांद्यावर घेऊन, पाठ थोपटत येरझारा घालायचे आणि ढेकर आला की सगळं घर "आला, आला!" करायचं. त्याच दिवसांत जेवण झाल्यावर नवऱ्यानेही एक मोकळा ढेकर दिला. त्याच्या आईनेच त्याच्याकडे असं काही बघितलं की तो अजून जेवल्यावर तोंडावर हात ठेवून उठतो.

शीबद्दल लिहू नये असं वाटत होतं, पण ते टाळलं तर ही पोस्ट अप्रामाणिक होईल. मूल होण्याआधी मी आणि माझा नवरा बऱ्या विषयांवर बोलायचो. आता तो ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मी त्याला एका शब्दाचा मेसेज टाकते : "झाली." त्याचंही उत्तर एकाच शब्दाचं : "रंग?" पहिल्या एक-दोन दिवसांतली काळपट हिरवी, चिकट शी बघून घाबरायचं नसतं; मग आईच्या दुधावर ती पिवळी आणि पातळ होते; आणि महिना-दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ कधी कधी कितीतरी दिवस शीच करत नाही, तरीही ठणठणीत असतं. डॉक्टरांनी हे आम्हाला नीट समजावलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या. तरी घरी आल्यावर आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुल्या मारायला सुरुवात केली ती केलीच. भेटायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "या कसल्या तारखा?" आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बिलांच्या." पाहुणे हळहळले. एवढी बिलं?

झोपवणं हा मात्र असा विषय आहे की त्यावर खरंच संशोधन झालंय, आणि ते वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की शास्त्रज्ञांनाही घर असतं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध छापला. रडणाऱ्या बाळाला उचलून ५ मिनिटं एका लयीत चालत राहायचं, डोळा लागला की लगेच खाली न ठेवता आणखी ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं, असा त्याचा सारांश. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच होती. खाली ठेवताना बाळ जागं होतं त्याचं खापर आपण गादीवर फोडतो, पण पाठ गादीला टेकण्याच्या आधीच, आईच्या अंगापासून सुटायला लागल्याबरोबर बाळ सावध होतं. म्हणजे गादी गार होती, चादर टोचली, उशाशी आवाज झाला, हे आमचे सगळे तर्क बाद. आम्ही तीन वेगवेगळ्या चादरी आणल्या होत्या.

शास्त्र कळलं तरी हात तर सोडवावाच लागतो. आधी दंड टेकवायचा, मग कोपर. मग मानेखाली अडकलेला तळहात एकेक बोट करत मोकळा करायचा : अंगठा, तर्जनी, मधलं. या काळात श्वास घ्यायचा तोही विचारपूर्वक. अनामिका निघाली. करंगळी निघाली. आणि शेजारी ओणवा झालेला नवरा उठायला गेला तेव्हा त्याचा गुडघा कट्‌कन वाजला. बाईसाहेबांनी डोळे उघडले. रडल्या नाहीत. नुसत्या त्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून झोपवण्याच्या वेळी नवऱ्याला त्या खोलीत प्रवेश नाही. तो बाहेरूनच खाणाखुणा करतो. आणि एवढं करून ती कधी सलग तीन तास झोपलीच, तर आजी हळूच दार ढकलून विचारणार, "आज जरा जास्तच नाही का गं झोपली? बघायचं का?"

सध्या चालायला शिकणं चालू आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं खेळणं मोजून काढलं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सतरा! मला हा आकडा वाचून धीर आला, आजींना मात्र तो मी मुद्दामच सांगितलेला नाही. कारण पडल्यावर आमच्याकडे जे होतं ते बघण्यासारखं असतं. ती पडते. आवाज होतो. मग ती रडत नाही, आधी आमच्याकडे बघते. रडायचं की नाही हे आमच्या चेहऱ्यावरून ठरवायचं असतं. हेही तिने शोधून काढलेलं नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना वरून काच असलेल्या टेबलावर ठेवलं होतं; अर्ध्या भागात काचेखाली पायरीएवढा खड्डा दिसावा अशी रचना. पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा असेल तर १९ पैकी १४ बाळं त्यावरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही गेलं नाही.

म्हणून घरात ठराव झाला : ती पडली की कुणीही काहीही झालेलं नाही असं दाखवायचं. नवरा लगेच छताकडे बघायला लागतो. आजोबा नेहमी पेपरात तोंड घालतात, एकदा तर तो उलटा होता. मी एक हसू आणते, जे आरशात बघितलं तर मलाच भीती वाटेल. आजींना मात्र ठराव पाळणं जमत नाही. त्या "अगं बाई गं!" करून धावतात, तिला उचलतात आणि फरशीला दोन चापट्या मारतात. "हात् मेली फरशी! आमच्या सोन्याला लागवलं!" निर्दोष फरशीला मार देणं मला तत्त्वतः मान्य नाही, पण खरं सांगायचं तर बाईसाहेबांचं रडणं थांबतं ते त्यामुळेच. मार खाणाऱ्या फरशीकडे ती फार लक्ष देऊन बघते. हल्ली आपटायच्या आधीच फरशीला मारून घेते.

खुर्चीवरून चमचा खाली टाकणे, तो आम्ही उचलून देणे, तिने पुन्हा टाकणे, यावर मी फार लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांची कंबर त्यांना सांगेल. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं असंच बारीक निरीक्षण करून दाखवून दिलं की हा खट्याळपणा नसून प्रयोग असतो : जागा बदलून, हात बदलून, वस्तू कशी पडते ते मूल तपासत असतं. पटतं. फक्त पियाजे वही घेऊन लिहीत बसले होते, तर उचलून देणारं दुसरं कुणीतरी असणार, एवढं मला अनुभवाने कळतं.

बोलण्याच्या बाबतीत तर आम्ही पार सुटलोय. आजोबा आयुष्यभर शिस्तीचे म्हणून ओळखले गेले. नवरा सांगतो, लहानपणी त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी हा पुस्तक उघडून बसायचा. तेच आजोबा आता "काऽऽय कलते आमची लानी?" असं म्हणतात आणि लानी त्यांच्याकडे अतिशय सभ्यपणे बघते. बाळाशी बोलताना आवाज चढा होणं, स्वर लांबणं हे जगात सगळीकडे होतं म्हणे. १९९७ साली 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचं बोलणं तपासलं होतं. तिन्हीकडे बाळाशी बोलताना स्वर ताणून, अधिक ठळकपणे उच्चारले जात होते. ते बाळाच्या उपयोगाचं असावं असं त्यांचं म्हणणं. 'र'चा 'ल' करण्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. ते आजोबांचं स्वतःचं योगदान.

पण या घरात बाळाचा सगळ्यात मोठा उपयोग कशासाठी करून घेतला असेल तर तो टपालासाठी. आजी आणि मी एकाच खोलीत, हातभर अंतरावर. आजी तिला मांडीवर घेऊन म्हणतात, "सांग तुझ्या आईला, पंखा फार जोरात आहे म्हणावं." मी घडी घालत घालत तिच्याकडेच बघून म्हणते, "सांग आजीला, आत्ताच कमी केलाय म्हणावं." आजोबा : "विचार तुझ्या बाबाला, आमच्या चष्म्याची काडी केव्हा बसवून आणणार?" मी : "बाबाला सांग, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नसतो." नवरा, टॉवेल हातात घेऊन : "आईला सांग, उचलतच होतो."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. माझ्या मते ही व्यवस्था उत्तम आहे. याला तिकीट नाही, पोच नाही, आणि प्रकरण वाढलंच तर दोन्ही बाजूंना "मी बाळाशी बोलत होते" असं म्हणून मागे सरकता येतं. जे तोंडावर बोललो असतो तर दोन दिवस अबोला झाला असता, ते तिच्यामार्फत गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत निवळतं. तिच्या जन्माआधी आम्ही हे कसं भागवत होतो ते आता आठवतही नाही.

सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता : पोस्टमनला वाचता येत नाही. तिथेच घोळ आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बर्गेलसन आणि स्विंगली यांनी २०१२ साली दाखवलं की ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनासुद्धा नेहमीच्या कितीतरी नामांचा अर्थ कळत असतो. खाण्याच्या वस्तूचं किंवा अवयवाचं नाव उच्चारलं की ती त्याच चित्राकडे बघतात. बोलता येत नसतं तेव्हाच! म्हणजे आमची पाकिटं इतके दिवस उघडून वाचली जात होती.

आता तिला शब्द फुटायला लागलेत. पहिला शब्द 'आई' की 'बाबा' यावर घरात दोन तट होते. गेल्या आठवड्यात तिने पलंगाकडे बोट केलं, मग नवऱ्याकडे केलं, आणि ठणकावून म्हणाली, "टॉवे!" दोन्ही तट गप्प झाले. नवऱ्याने टॉवेल उचलला, आणि मी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते झालं, टॉवेल दोरीवर गेला.

तेव्हापासून सगळे जपून आहेत. आजोबांनी चष्म्याची काडी स्वतः जाऊन बसवून आणली. आजी तिच्यासमोर माझ्याबद्दल काही बोलत नाहीत, मीही नाही. पंख्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. परवा सकाळी खिडकीत कावळा येऊन बसला होता. मी आत होते, हे आजींना ठाऊक होतं. त्या कावळ्याला म्हणाल्या, "काय रे काऊ, आज पंखा पाचवर कुणी ठेवलाय, तू बघितलंस का रे?"