काचेचे कपाट, केळीची वाघीण आणि बाजारातल्या विटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

लेगो या डॅनिश खेळणी-कंपनीच्या मिनिफिगर, म्हणजे प्लास्टिकच्या चिमुकल्या माणसांच्या आकृत्या, यांच्या संग्रहावर मी लिहिलेला लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावर सविस्तर, परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : पन्नाशीच्या गृहस्थाने मुलांची खेळणी हजारो रुपये मोजून घ्यावीत आणि काचेच्या कपाटात बंद करून ठेवावीत, हा छंद नसून साठेबाजी आहे, लेगोच्या असतात तशाच, एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटा आठवडी बाजारात दहाव्या हिश्शाच्या किमतीला मिळत असताना लेगोच घेणे म्हणजे मिरवणे आहे, शेवटी हे सारे प्लास्टिकच, आणि जमवायचेच होते तर धुळ्याच्या शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली तसे काही जमवावे, निदान पोळ्याच्या मातीच्या बैलांची तरी आठवण ठेवावी. आपण अमळनेरला आयुष्यभर मुलांना शिकवले आहे, त्यामुळे टीकेला नेमकेपणा आहे, आणि म्हणूनच ‘आपले मत आपल्यापाशी’ असे म्हणून मला विषय मिटवता येत नाही.

बाजारातल्या विटांपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले म्हणणे निम्मे खरे आहे. आज आपण ज्या विटेला लेगोची वीट म्हणतो, म्हणजे वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या असलेली, तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये दाखल झाला. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. विटेचा आकारच आपले व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याचा कंपनीचा प्रयत्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये फेटाळला. तो आकार तांत्रिक काम करतो, तेव्हा त्यावर कायमची मालकी सांगता येणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे लेगोला जोडता येईल अशी वीट दुसऱ्या कोणी बनवून विकली तर त्यात चोरी नाही. खुद्द लेगोची पहिली वीटही स्वयंभू नव्हती. ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट या खेळणी-कंपनीच्या विटांचा नमुना समोर ठेवूनच डेन्मार्कमधील बिलुंड गावी १९४९ मध्ये ती तयार झाली. त्यामुळे बाजारात ठोकळे विकणाऱ्याकडे मी नाक मुरडून पाहत नाही.

मात्र दुसऱ्याने आखलेला संपूर्ण संच, त्याच्या खोक्यावरील चित्रासकट आणि आतल्या मिनिफिगरांसकट, जसाच्या तसा छापून विकणे ही गोष्ट वेगळी. मिनिफिगरच्या आकृतीवरील लेगोचा हक्क युरोपातील न्यायालयाने २०१५ मध्ये कायम ठेवला. ‘लेपिन’ या नावाने असे नकली संच काढणाऱ्या टोळीवर २०१९ मध्ये चीनमध्ये छापे पडले आणि पुढच्याच वर्षी तिच्या सूत्रधाराला शांघायमध्ये सहा वर्षांची कैद झाली. आपल्या बाजारात सेलोफेनच्या पिशवीत दिसणाऱ्या आकृत्यांपैकी बऱ्याचशा याच जातीच्या असतात. त्यांचे डोके काढून मानेच्या खुंटीवर भिंग धरले तर तिथे लेगो ही बारीक अक्षरे नसतात, पाय एकदा वाकवला की पुन्हा ताठ राहत नाही, आणि चेहऱ्याची छपाई नखाने निघते.

आता किमतीबद्दल. जास्तीचे पैसे नावासाठी जातात असे आपण लिहिले आहे. काही जातात, हे नाकारत नाही. शिवाय खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, तोही भार आपल्यासारख्यांवरच पडतो. परंतु मी ज्यासाठी पैसे मोजतो ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना कळते. दोन खुंट्यांच्या मध्यांमधील अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची तिच्या बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे ३.२ मिलिमीटर. या आकड्यांची गंमत अशी की पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन खुंट्यांची रुंदीही १६ मिलिमीटरच असते. त्यामुळे बांधकाम आडवे वळवले तरी ते उभ्या बांधकामात फट न ठेवता बसते. हे माप १९५८ पासून बदललेले नाही. त्या काळची वीट आजच्या विटेवर बसते. बाजारातील संचात एका विटेमागे पाच शतांश मिलिमीटरचा फरक असला तर सुटी वीट हातात घेऊन तो कोणालाही जाणवणार नाही, पण वीस विटांच्या रांगेत तो एक मिलिमीटर होतो आणि भिंत कमानीसारखी फुगते. काही चिनी कंपन्यांच्या विटा आता उत्तम बसतात, हेही सांगितले पाहिजे. त्या मात्र दहाव्या हिश्शाला मिळत नाहीत.

हे कोरडे गणित नको असेल तर माझ्या टेबलावरचे काम सांगतो. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे केळी घेऊन जाणारी रेल्वेची मालवाघीण मी सध्या सुट्या भागांतून बांधत आहे. कंपनीचा असा संच नाही आणि कधी निघेल असेही वाटत नाही. वाघिणीच्या पत्र्याला जे उभे पन्हळ असतात ते मी पट्ट्या आडव्या वळवून साधले, आणि ते साधले केवळ त्या १६ मिलिमीटरच्या मेळामुळे. अडचण आली ती रंगात. वाघिणीला लागतो तो तांबूस तपकिरी रंग, आणि लेगोच्या या रंगाचे काही वर्षांपूर्वीचे भाग ठिसूळ निघाले आहेत. जोडताना काही होत नाही, पण उकलायला गेले की कोपरा ‘टक्’ करून तुटतो. छंदातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि त्याबद्दल कंपनीची भलामण कोणी करत नाही. लेगोचे केळे मात्र सुरेख आहे, पिवळेधमक, मिनिफिगरच्या मुठीत बसणारे. दोष एवढाच की ते एकेकटे येते. घडावाचून केळी ही कल्पना आपल्याकडे कोणाच्या पचनी पडावी? पट्ट्यांच्या कडांना अडकवून फण्या कशा करायच्या, यावर माझ्या दोन रविवारी संध्याकाळी गेल्या आणि अजून उत्तर समाधानकारक नाही. आपण याला खेळ म्हणालात तर मला तो शब्द मान्य आहे. पण हे मिरवणे नव्हे, कारण ही वाघीण पाहायला आमच्याकडे कोणी येत नाही.

काचेच्या कपाटावर आपला विशेष रोष दिसतो. खोके न उघडता, सील जपून, भाव चढण्याची वाट पाहणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल आपण लिहिले ते मला पटते. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील सुमारे २,३०० संचांच्या किमती तपासून वार्षिक सरासरी परतावा ११ टक्क्यांच्या आसपास काढला, तेव्हापासून या मंडळींना चांगलेच बळ आले आहे. ती सरासरी आहे, काही संच घसघशीत तोट्यात गेले, हे त्याच अभ्यासात आहे, पण ते पुढे सांगितले जात नाही. जळगावात राहणाऱ्याला गुंतवणूकच करायची असेल तर सराफ बाजार पायाखाली आहे. तिथे कसाला लावून तासाभरात पैसे हातात येतात. लेगोच्या खोक्याला पोचा आला की त्याचा भाव गेला, आणि गिऱ्हाईक हुडकायला महिने लागतात. माझ्याकडे एकही बंद खोके नाही.

कपाट आहे ते हवेसाठी आणि उन्हासाठी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारच्या झळांबरोबर येणारी माती दाराच्या फटीतून आत येते आणि खुंट्यांच्या मधल्या खाचांत बसते. विटा ज्या एबीएस प्लास्टिकच्या असतात ते एवढ्या उष्णतेने वितळत नाही, परंतु उन्हातील अतिनील किरणांनी त्यातील ब्युटाडाईनचा घटक हळूहळू बिघडतो. पांढरी वीट पिवळसर होते, निळी वीट मळकट दिसू लागते. विटा धुताना पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे अशी कंपनीची सूचना आहे. ही सूचना लिहिणाऱ्याने मे महिन्यात जळगावच्या गच्चीवरील टाकीचे पाणी पाहिलेले नसावे. आमच्याकडे विटा पहाटेच धुवाव्या लागतात.

त्या कपाटातील एकच आकृती जवळून दाखवतो. १९७८ साली येन्स निगोर क्नुडसेन यांनी हातपाय हलणारी मिनिफिगर तयार केली, त्याच वर्षीच्या मालिकेतला हा तांबडा अंतराळवीर आहे. आखातातून परतलेल्या एका कुटुंबाने मुलांची जुनी खेळणी काढून टाकली, त्या मिश्र पिशवीत तो मिळाला. छातीवर ग्रहाला वळसा घालणाऱ्या यानाची सोनेरी छपाई होती; आता यानाचे टोक आणि ग्रहाची डावी कड एवढेच उरले आहे, कारण आकृती हातात धरताना मुलांचा अंगठा नेमका तिथे येतो. शिरस्त्राणाची हनुवटीपुढची पट्टी तडकलेली आहे. पहिल्या पिढीतील शिरस्त्राणांची ती पट्टी बारीक होती आणि ती बहुधा तिथेच जाते. पुढे ती जाड करण्यात आली. चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक स्मित. १९८९ मध्ये समुद्री चाच्यांचे संच येईपर्यंत हेच स्मित सर्वांच्या चेहऱ्यावर होते, मग तो पोलीस असो की सरदार. चाच्यांबरोबर मिशा, डोळ्यावरची पट्टी, आकडा आणि लाकडी पाय आले. बाजारभावाने पाहिले तर माझा अंतराळवीर जवळजवळ कवडीमोल आहे. मी त्याला बदलणार नाही.

शंकरराव देवांचे नाव आपण घेतलेत, तेव्हा सांगतो. त्यांच्या धुळ्यातील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखितांशी माझ्या कपाटाची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. ती बाडे गेली असती तर पुन्हा लिहिणारे कोणी नव्हते, माझ्या आकृत्या मात्र कारखान्यातून निघालेल्या आहेत. तरी जमवण्याची रीत त्या थोर कामातूनही शिकता येते. माझ्या नोंदवहीत प्रत्येक आकृतीपुढे साल, मूळ संच, ती कशी आली, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, आणि दोष कोणते, हे लिहिलेले असते. साठेबाजाला दोष लपवायचे असतात, म्हणून अशी वही त्याच्या उपयोगाची नसते.

वयाचा मुद्दा मी लांबवत नाही. २०२० पासून कंपनीने मोठ्या संचांसाठी काळी खोकी आणून त्यांवर ‘१८ वर्षांवरील’ असे छापायला सुरुवात केली. माझ्यासारख्यांचा संकोच घालवण्याची ती सोय आहे आणि तिच्यामागे विक्रीचा हिशोब आहे. त्या छापाचा आधार मला घ्यावासा वाटत नाही. दिवसभर कार्यालयात ज्या कामाचा शेवट दिसत नाही ते करून आल्यावर, जे नीट बसते किंवा बसत नाही असे काहीतरी हातात असावे, एवढेच माझे कारण आहे.

प्लास्टिकबद्दल मात्र आपल्याशी वाद नाही. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी किनाऱ्यावर सापडलेल्या जुन्या विटा तपासून २०२० मध्ये असा अंदाज मांडला की समुद्रात पडलेली लेगोची वीट १०० ते १,३०० वर्षे टिकू शकते. २०१८ पासून झाडापानांचे काही भाग उसापासून केलेल्या प्लास्टिकचे येतात; पण टाकाऊ बाटल्यांपासून वीट करण्याचा बेत कंपनीने २०२३ मध्ये सोडला, कारण त्याने कार्बनचे उत्सर्जन कमी होणार नव्हते. यातून मी माझ्यापुरता काढलेला अर्थ असा की जे शेकडो वर्षे राहणारच आहे ते कोणाच्या तरी वापरात राहावे. म्हणून माझी निम्म्याहून अधिक खरेदी वापरलेल्या मालाची असते.

राहिले मातीचे बैल. आमच्या घरी पोळ्याला अजूनही मातीचे बैल होतात. एकाचे शिंग वाकडे, दुसऱ्याचे वशिंड मोठे, आणि पूजा झाली की ते पुन्हा मातीत जातात; त्यांनी टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. ते कपाटात आणून ठेवले तर त्यांचा मान वाढणार नाही. माझ्या घरात या दोन्ही गोष्टींना जागा आहे, आणि त्यांतील एक निवडण्याची वेळ आजवर आलेली नाही.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण उपरोधाने विचारले आहे की, नातवाच्या जुन्या विटांचा डबा माळ्यावर पडला आहे, तो भंगारात घालू की तुम्हालाच पाठवू. मी प्रश्न सरळ घेतो. भंगारात घालू नका, मलाही पाठवू नका. डबा चादरीवर उपडा करा आणि आधी मिनिफिगर वेगळ्या काढा. त्यांचे हात धडातून ओढू नका. तिथली प्लास्टिकची भिंत पातळ असते आणि काखेपासून खाली चीर जाते. प्रत्येक खुंटीवर अक्षरे आहेत का ते पाहून दोन ढीग करा. छापील आणि स्टिकर लावलेले भाग बाजूला ठेवून उरलेल्या विटा जाळीच्या पिशवीत घालून साबणाच्या साध्या पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. दोन विटा चिकटून बसल्या असतील तर दातांनी किंवा सुरीने सोडवू नका. वरचीच्या खुंट्यांवर एक आणि खालचीच्या तळाला एक अशा दुसऱ्या लांब विटा बसवून तरफेसारखे हळूच वाकवले की सुटतात. त्यात तांबूस तपकिरी रंगाचे भाग निघाले आणि नातवाला ते नको असतील, तर मात्र मला जरूर कळवा.

आपला नम्र,
या संग्रहाचा राखणदार, जळगाव