गाड्या तीन, माल सतरा प्रकारचा, पॉलिसी मात्र सगळ्यात स्वस्त

मालवाहतुकीचा छोटा धंदा असेल आणि विमा काढायचा असेल तर अजिबात डोकं लावू नका. फॉर्ममध्ये कोणता माल नेता असा एक कॉलम असतो, तिथे 'जनरल माल' लिहा आणि मोकळे व्हा. एका गाडीत खडी, दुसरीत फ्रोजन मटार, तिसरीवर कुणाचं तरी पोकलेन, सगळं जनरलच की! खरं सांगितलं तर प्रीमियम वाढतो, आणि क्लेम काय, ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळतो.

एजंट 'फुल इन्शुरन्स' म्हणाला ना, मग पुढे विचारू नका. थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं, आणि गाडीत भरलेला माल या दोन्हीत कुठेच बसत नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं, पण फुल म्हणजे फुल, उगाच शंका काढून एजंटचा मूड कशाला घालवायचा.

टिपरवाल्यांनी तर निवांत राहावं. हौदा वर उचललेला असताना गाडी आडवी झाली तर बऱ्याच पॉलिसीत ते धरलेलं नसतं, वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. नका घेऊ. साइटवरची जमीन कायम सपाट आणि टणक असते हे जगजाहीर आहे.

रीफरची, म्हणजे माल थंड ठेवून नेणाऱ्या गाडीची, मजा वेगळीच. गाडीला ओरखडा नाही, फक्त रात्रीत कूलिंग बंद पडलं आणि मटारचा लगदा झाला. साधं कार्गो कव्हर विचारणार, टक्कर झाली का, आग लागली का, गाडी उलटली का? नाही ना, मग या. कूलिंग बिघाडाचं कव्हर असलं तरी सर्व्हिसिंगचे कागद मागतात, आणि ड्रायव्हरने डिझेल वाचवायला युनिट कधी बंद ठेवलं होतं ते टेम्परेचर लॉगर मिनिटामिनिटाने लिहून ठेवतो, घरभेदी मेला.

कधी पेट्रोलचा टँकर चालवायला मिळाला तर सोडू नका. पाटीवरचा 1203 हा आकडा बघून फायर ब्रिगेडला लांबूनच कळतं आत काय आहे ते, फक्त तुमच्या फॉर्मला कळलेलं नसतं. सांडलेलं पेट्रोल आणि भिजलेली माती साफ करायचा खर्च मात्र फॉर्म न वाचता तुमच्याकडे येतो.

मालाची किंमतही अर्धीच लिहा. मग नुकसान झालं की कंपनी पण तुमचाच हिशोब धरते, म्हणजे निम्म्याचा विमा असेल तर नुकसानीचेही निम्मेच पैसे, आणि त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपणच सोसायचा ठरलेला वाटा, वजा. बरोबरच आहे की!

आणि काम जास्त आलं तर ओळखीच्या गाडीवाल्याला देऊन टाका, बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, आपल्या नावावर, गाडी त्याची. त्याची पॉलिसी चालू आहे की मागेच संपलीये हे मात्र विचारू नका, माणसं दुखावतात.